योगिराज चांगदेव

प्रस्तावना

जन्माला आलेला प्रत्येक जीव एक दिवस मरणाधीन होतो, हे सत्य माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही मरणावर मात केलेल्या पुरुषांच्या कथा तो तितक्याच आवडीने सांगत आला आहे. आपल्या पुराणांत अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम हे सात चिरंजीव मानले आहेत. हिमालयात युगानुयुगे देह राखून राहिलेल्या बाबाजी नावाच्या योग्याविषयी परमहंस योगानंदांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आणि ती श्रद्धा जगभर पोहोचली. महाराष्ट्राच्या संतपरंपरेतही असा एक योगी आहे. तो चौदाशे वर्षे जगला, असे लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले. त्या योग्याचे नाव चांगदेव.

चांगदेवांच्या दीर्घ आयुष्याविषयी पुष्कळांनी ऐकलेले असते. त्या आयुष्याच्या अखेरीस त्यांनी एका लहान मुलीपुढे मस्तक नमवून नव्याने शिकण्यास प्रारंभ केला, हा भाग मात्र बारकाईने समजून घ्यावा असा आहे. प्रस्तुत पाठात आपण या योग्याचे चरित्र पाहणार आहोत. तसेच, चांगदेव नेमके कोण होते, या प्रश्नाचाही थोडा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• चांगदेवांच्या जीवनातील प्रमुख प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• सिद्धी आणि ज्ञान यांतील भेद स्पष्ट करू शकाल;
• आख्यायिका आणि इतिहास यांचा संबंध उदाहरणांसह लिहू शकाल.

मूळ पाठ

१. तापीकाठचा योगी

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्र. देवगिरीच्या सिंहासनावर यादव घराण्यातील रामदेवराव होते. त्यांचा राज्यकाळ इ. स. १२७१ ते १३११ असा मानला जातो. विद्येला आणि धर्माला राजाश्रय होता. मराठी भाषेत ग्रंथरचना होऊ लागली होती. एकीकडे महानुभाव पंथ उदयाला आला होता, दुसरीकडे पंढरीच्या विठ्ठलाचे भक्त वाढत होते आणि या दोहोंच्या आधीपासून नाथपंथी योग्यांचा संचार गावोगावी चालू होता. मत्स्येंद्रनाथ आणि गोरक्षनाथ यांना गुरुस्थानी मानणारे हे योगी देहाला साधनेचे साधन समजत. आसन, प्राणायाम आणि ध्यान यांच्या बळावर देह स्थिर करावा, प्राण वश करावा, हा त्यांचा मार्ग होता.

अशा काळात चांगदेवांचे नाव सर्वतोमुखी झाले. आजच्या जळगाव जिल्ह्यात, तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर, चांगदेव याच नावाचे एक गाव आहे. याच परिसरात त्यांनी तप केले, अशी परंपरागत समजूत आहे. वटेश्वर नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिवाची ते उपासना करीत, म्हणून त्यांना चांगा वटेश्वर असेही म्हणत. काही जण वटेश्वर हे त्यांच्या गुरूचे नाव मानतात. चांग या जुन्या मराठी शब्दाचा अर्थ चांगला, उत्तम असा आहे. चांगभले या आपल्या परिचयाच्या घोषात तो शब्द अजूनही टिकून आहे.

२. काळाला चुकविणारा साधक

चांगदेव चौदाशे वर्षे कसे जगले, याचे स्पष्टीकरण आख्यायिका आपल्या पद्धतीने देते. माणसाचे आयुष्य शंभर वर्षांचे. ती मर्यादा भरत आली की मृत्यू दाराशी येतो. चांगदेव त्या वेळी समाधी लावून बसत. आपला प्राण ते योगबळाने मस्तकातील ब्रह्मरंध्रात नेऊन ठेवीत. देहात प्राण सापडत नाही, हे पाहून काळ रित्या हाताने परत फिरे. घटका टळली की चांगदेव पुन्हा प्राण खाली आणीत आणि त्यांच्या आयुष्याचे नवे शतक सुरू होई. असे त्यांनी चौदा वेळा केले, अशी कथा आहे.

या कथेचा शब्दशः अर्थ घेण्याचे कारण नाही. परंतु त्या काळच्या योगमार्गाची उद्दिष्टे काय होती, हे तिच्यावरून ध्यानात येते. मेरुदंडाच्या तळाशी असलेली कुंडलिनी शक्ती जागी करावी, तिला सुषुम्ना नाडीतून वर न्यावे आणि मस्तकात स्थिर करावे, अशी योगशास्त्राची कल्पना आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात या साधनेचे सविस्तर वर्णन आले आहे. या मार्गाने जाणाऱ्याला वाटेत अनेक सिद्धी प्राप्त होतात, असे मानले जाई. चांगदेवांना त्या साऱ्या साधल्या होत्या, अशी लोकांची श्रद्धा होती. हिंस्र पशू त्यांच्या आज्ञेत वागत. रोगपीडित त्यांच्या दर्शनाला येत. चौदाशे शिष्यांचा मेळा त्यांच्याभोवती असे. जिकडे जावे तिकडे जयजयकार होई.

एवढे सारे असूनही चांगदेवांना गुरू नव्हता. आपल्याला उपदेश करू शकेल असा कोणी त्यांना भेटला नव्हता, किंवा तशी गरजच त्यांना वाटली नव्हती. वय वाढले, सामर्थ्य वाढले आणि त्यांच्याबरोबर मीपणाही वाढत गेला.

३. आळंदीची चार भावंडे

त्याच सुमारास आळंदीत चार भावंडे राहत होती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही त्यांची नावे. त्यांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला होता. पुढे गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. त्या काळच्या धर्ममार्तंडांना हे मान्य झाले नाही. त्यांनी या कुटुंबाला वाळीत टाकले. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला आणि ही लेकरे पोरकी झाली. भिक्षा मागावी, मिळेल ते खावे, अपमान सोसावा, असे त्यांचे बालपण गेले.

या भावंडांना लाभलेला आधार ज्ञानाचा होता. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली होती. त्यांनी ज्ञानदेवांना उपदेश केला. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी नेवासे येथे गीतेवरील आपली टीका सांगितली. आज आपण तिला ज्ञानेश्वरी म्हणतो. संस्कृतात बंदिस्त असलेले तत्त्वज्ञान सामान्य माणसाच्या बोलीत उतरले. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही वार्ताही लोकांत पसरत गेली.

ती वार्ता चांगदेवांच्या कानी पडली. ज्यांचे वय अजून विशीच्या आसपासही पोहोचले नाही, अशा मुलांची कीर्ती आपल्यासारख्या योग्याच्या कीर्तीला झाकून टाकते आहे, याचे त्यांना आश्चर्य वाटले. थोडा मत्सरही वाटला असावा. या मुलांना भेटण्याची त्यांना उत्सुकता लागली. भेटीपूर्वी पत्र पाठवावे, असे त्यांनी ठरविले.

४. कोरे पत्र

पत्र लिहिण्यासाठी चांगदेवांनी कागद पुढे घेतला आणि पहिल्याच शब्दाशी ते अडले. आपल्याकडे पत्राच्या आरंभी मायना लिहितात. वडीलधाऱ्याला लिहायचे असेल तर तीर्थरूप, धाकट्याला लिहायचे असेल तर चिरंजीव. ज्ञानदेवांना काय लिहावे? वयाने तो मुलगा पणतवंडाहूनही लहान, म्हणून तीर्थरूप लिहिणे मनाला पटेना. ज्ञानाने तो मोठा असल्याचे सर्वत्र ऐकू येत होते, म्हणून चिरंजीव लिहिण्यास हात धजेना. शास्त्रे जाणणाऱ्या, पशूंना वश करणाऱ्या, काळाला परतविणाऱ्या त्या महापुरुषाला एक साधा मायना सुचेना. अखेर त्यांनी तो कागद तसाच कोरा शिष्याच्या हाती देऊन आळंदीला पाठविला.

या प्रसंगातील मार्मिकता लक्षात घेण्यासारखी आहे. चिरंजीव या शब्दाचा मूळ अर्थ दीर्घकाळ जगणारा असा आहे. चांगदेव स्वतः त्या अर्थाने चिरंजीव होते. परंतु आपण थोरले की धाकटे, हेच त्यांना कळत नव्हते. आयुष्याची वर्षे मोजून मोठेपण ठरत नाही, ही जाणीव त्यांच्या मनात प्रथम या कोऱ्या कागदापाशी जागी झाली.

पत्र आळंदीला पोहोचले. चारही भावंडांनी ते पाहिले. मुक्ताबाई तेव्हा अवघी बारा-चौदा वर्षांची असावी. कोरा कागद पाहून तिला हसू आले. चौदाशे वर्षे जगूनही हा योगी कोराच राहिला, असा शेरा तिने मारला. निवृत्तिनाथांनी मात्र त्या कोरेपणात वेगळे काही पाहिले. ज्याने काहीच लिहिले नाही, त्याच्यापाशी अजून लिहिण्याजोगी जागा शिल्लक आहे. त्यांनी ज्ञानदेवांना पत्राचे उत्तर देण्यास सांगितले.

५. पासष्ट ओव्यांचे उत्तर

ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर चांगदेव पासष्टी या नावाने प्रसिद्ध आहे. नावाप्रमाणे त्यात पासष्ट ओव्या आहेत. मराठीतील पत्ररूप काव्याचा हा एक अतिशय जुना नमुना होय. एका तरुणाने एका वृद्ध योग्याला लिहिलेल्या या पत्रात उपहास नाही, विजयाचा अभिनिवेश नाही. आहे ती केवळ आत्मीयता आणि स्वच्छ विचार.

या पत्रातील तत्त्वज्ञान अद्वैताचे आहे. विश्वात दिसणारी विविधता मुळात एकाच चैतन्याची रूपे आहेत, असे ज्ञानदेव सांगतात. सोन्याचे अलंकार अनेक होतात, तरी त्यांतील सोने एकच असते. वस्त्र दिसते, पण ते धाग्यांहून निराळे नसते. पाहणारा, पाहिली जाणारी वस्तू आणि पाहण्याची क्रिया हे तिन्ही आपण वेगळे मानतो. वस्तुतः ते एकाच तत्त्वाचे खेळ आहेत. आरसा समोर असो वा नसो, मुखाचे मुखपण कमी होत नाही.

मग ज्ञानदेव आणि चांगदेव यांच्या भेटीचे काय? दोघे एकाच चैतन्याचे असतील, तर कोणी कोणाला भेटायचे? मीठ पाण्याची खोली मोजायला गेले तर ते स्वतःच पाणी होऊन जाते. तशीच ही भेट आहे, असे ज्ञानदेव सुचवितात. थोरले-धाकटे हा भेदच जेथे उरत नाही, तेथे मायन्याचा प्रश्नही उरत नाही. चांगदेवांना पडलेल्या पेचाचे इतके सुंदर उत्तर दुसरे कोणते असणार?

चांगदेवांनी ते पत्र वाचले. शब्द कळले, परंतु अर्थ अंतरात उतरला नाही. आयुष्यभर कमावलेल्या सामर्थ्याचा अभिमान आड आला. आपण प्रत्यक्षच भेटावे, आपले वैभव त्यांना दाखवावे आणि मग काय ते ठरवावे, असे त्यांनी मनाशी योजिले.

६. वाघ आणि भिंत

चांगदेव आळंदीला निघाले ते मोठ्या थाटात. वाहन म्हणून जिवंत वाघ, हातात चाबूक म्हणून जिवंत सर्प आणि मागे चौदाशे शिष्यांचा समुदाय. वाटेतील गावे तो देखावा पाहून भयचकित झाली. इकडे आळंदीत चारही भावंडे एका भिंतीवर बसली होती. एवढा वृद्ध योगी भेटीला येतो आहे, तर त्याला सामोरे जावे, असे त्यांच्या मनात आले. जवळ वाहन नव्हते. ज्ञानदेवांनी ज्या भिंतीवर ती बसली होती तिलाच चालण्याची आज्ञा केली आणि ती मातीची भिंत चालू लागली.

चांगदेवांनी ते दृश्य पाहिले. वाघाला वश करणे त्यांना साधले होते. वाघ सजीव आहे, त्याला भय असते, भूक असते. निर्जीव भिंतीला चालविण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. जड आणि चेतन यांत एकच तत्त्व भरलेले आहे, असे ज्ञानदेवांनी पत्रात लिहिले होते. ते तत्त्व आता समोरून चालत येत होते. चांगदेव वाघावरून उतरले आणि त्यांनी त्या मुलांच्या चरणांवर मस्तक ठेवले. ही भिंत म्हणून आळंदीत एक स्थान आजही दाखविले जाते आणि वारकरी तेथे श्रद्धेने नतमस्तक होतात.

विद्यार्थी मित्रांनो, अशा कथा केवळ महाराष्ट्रातच आढळतात असे नाही. तेराव्या शतकात तुर्कस्तानात होऊन गेलेल्या हाजी बेक्ताश या सूफी संताविषयीही अशीच कथा सांगतात. सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन एक साधू त्यांच्या भेटीला आला, तेव्हा ते निर्जीव भिंतीवर आरूढ होऊन त्याला सामोरे गेले. तुमच्यापैकी काही जण बेंगळुरूच्या जे. पी. नगरसारख्या वस्तीत राहून मराठीचा अभ्यास करीत असतील. त्यांनी कन्नड परंपरेतील अल्लमप्रभू आणि गोरक्ष यांच्या भेटीची कथा ऐकली असेल. गोरक्षाने साधनेने आपला देह वज्रासारखा कठीण केला होता. त्यावर तलवारीचा घाव उमटत नसे. अल्लमप्रभूंवर वार केला तेव्हा मात्र तलवार आकाशातून फिरावी तशी आरपार गेली. देह टिकविणे ही एक सिद्धी झाली; देहाचा अभिमान विरून जाणे ही तिच्या पलीकडची अवस्था होय. दूरदूरच्या प्रदेशांतील लोकांना हेच सांगावेसे वाटले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

७. मुक्ताबाईचे शिष्यत्व

चांगदेवांनी ज्ञानदेवांपाशी उपदेशाची याचना केली. ज्ञानदेवांनी ते काम मुक्ताबाईकडे सोपविले. ज्या मुलीने कोरे पत्र पाहून हसून शेरा मारला होता, तिच्यापुढेच आता शिष्य म्हणून बसायचे होते. चांगदेवांची खरी परीक्षा येथे झाली. वाघ वश करण्यापेक्षा हे अधिक अवघड होते.

मुक्ताबाई वयाने लहान असली तरी अधिकाराने मोठी होती. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी एकदा झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा त्यांना समजावून बाहेर आणणारी तीच होती. त्या प्रसंगीचे तिचे ताटीचे अभंग मराठी साहित्यात अजरामर झाले आहेत.

चांगदेवांच्या शिक्षणातील एक प्रसंग परंपरेने जपून ठेवला आहे. मुक्ताबाई स्नान करीत असताना चांगदेव नकळत तेथे आले आणि संकोचून, पाठ फिरवून निघून गेले. लोकरीतीप्रमाणे ते योग्यच वागले होते. परंतु मुक्ताबाईने त्यावरूनच त्यांना बोध केला. सर्वत्र एकच आत्मतत्त्व पाहणाऱ्याच्या मनात स्त्री आणि पुरुष, आपले आणि परके, असा भेद कसा उरावा, असे तिने विचारले. अद्वैत त्यांच्या वाचनात आले होते, पण दृष्टीत आले नव्हते. चांगदेवांनी ही चूक मान्य केली.

मुक्ताबाईच्या उपदेशाने त्यांच्या अंतःकरणातील अभिमान हळूहळू ओसरला. सिद्धींचे प्रदर्शन थांबले. चांगदेवांच्या नावावरील अभंगांत मुक्ताबाईच्या कृपेचा कृतज्ञ उल्लेख आढळतो. निवृत्तिनाथांचे शिष्य ज्ञानदेव आणि मुक्ताबाईंचे शिष्य चांगदेव, असा क्रम वारकरी परंपरेत आदराने सांगितला जातो. आपल्या इतिहासात एका बालिकेला एवढ्या वृद्ध आणि विख्यात पुरुषाने उघडपणे गुरू मानल्याचे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

८. अखेरची समाधी

पुढील काळ वियोगाचा होता. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि यादवांच्या वैभवाला ओहोटी लागली. थोड्याच दिवसांत सोपानदेवांनी सासवडला देह ठेवला. इ. स. १२९७ मध्ये तापीकाठी मेहूण येथे विजेच्या लोळात मुक्ताबाई अदृश्य झाली, अशी परंपरा आहे. त्यानंतर निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. एका वर्षाच्या आत चारही भावंडे निघून गेली.

चांगदेव मागे राहिले. मरण चुकविण्याची विद्या त्यांना येत होती. गुरूला राखून ठेवण्याची विद्या त्यांनाही येत नव्हती. आता पुन्हा प्राण मस्तकात नेऊन आणखी एक शतक मिळविणे त्यांना अशक्य नव्हते, असे आख्यायिका मानते. पण त्यांनी तसे केले नाही. गोदावरीच्या काठी पुणतांबे येथे त्यांनी स्वेच्छेने समाधी घेतली. परंपरेनुसार हे वर्ष शके १२२७, म्हणजे इ. स. १३०५ होते. ज्याने काळाला चौदा वेळा दारातून परत धाडले, त्याने पंधराव्या वेळी स्वतःच दार उघडले. मृत्यू ही त्यांना आता हार वाटत नव्हती.

९. चांगदेव एक की अनेक?

चरित्र पाहिल्यावर एक प्रश्न उरतो. चौदाशे वर्षे जगलेला हा पुरुष प्रत्यक्षात कोण होता?

इतिहासाची साधने पाहिली तर चांगदेव हे नाव त्या काळी बरेच प्रचलित होते, असे दिसते. प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांच्या नातवाचे नाव चांगदेव होते. तो यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. महानुभाव पंथात चांगदेव राऊळ यांना अवतार मानतात. ते मूळचे फलटणचे. त्यांचे दुसरे नाव चक्रपाणी. त्यांनी द्वारकेत देह ठेवला आणि भडोच येथे मृत झालेल्या हरपाळदेवाच्या देहात प्रवेश केला, तेच पुढे चक्रधरस्वामी म्हणून ओळखले गेले, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे.

तत्त्वसार नावाचा एक जुना मराठी ग्रंथ चांगा वटेश्वर यांच्या नावावर आहे. तो हरिश्चंद्रगडावर रचला गेला आणि त्यात शके १२३४, म्हणजे इ. स. १३१२ हा काळ नोंदविला आहे. हे वर्ष परंपरेने सांगितलेल्या समाधीनंतरचे आहे. तेव्हा एक तर समाधीचे वर्ष चुकले असावे, किंवा तत्त्वसारचे कर्ते त्याच नावाचे दुसरे कोणी असावेत.

या सर्वांवरून काही अभ्यासकांनी असे अनुमान केले आहे की, वटेश्वराच्या उपासनेची एक गुरुपरंपरा असावी आणि तिच्यातील प्रत्येक अधिकारी पुरुष चांगदेव हेच नाव धारण करीत असावा. शिष्य गुरूच्या आसनावर बसे, गुरूचे नाव घेई आणि बाहेरून पाहणाऱ्या लोकांना चांगदेव कधी मेलेच नाहीत असे वाटे. हे अनुमान खरे असेल, तर चांगदेवांचे अमरत्व एका देहाचे नसून एका परंपरेचे आहे. ज्ञानदेवांच्या भेटीला गेलेले चांगदेव हे त्या परंपरेतील एक थोर पुरुष ठरतात.

आख्यायिका आणि इतिहास यांचे काम वेगवेगळे असते. काय घडले, हे इतिहास पुराव्यानिशी सांगू पाहतो. लोकांनी त्या घटनेतून काय घेतले, हे आख्यायिका सांगते. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तिविजय या ग्रंथातून संतांच्या अशा कथा घरोघरी पोहोचल्या. ऐकणाऱ्यांनी त्यांतून अभिमान सोडण्याचा आणि शिकत राहण्याचा बोध घेतला.

१०. उपसंहार

तापी-पूर्णेच्या संगमावर आज एक प्राचीन पाषाणमंदिर उभे आहे. ते चांगदेवांच्या नावाने ओळखले जाते. महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. तेथून जवळच मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, आहे. गुरू आणि शिष्य यांची नावे एकाच परिसराने अशी शेजारी शेजारी जपली आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पुणतांबे येथे गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे.

चौदाशे वर्षांचे आयुष्य आपल्याला लाभणार नाही. परंतु चांगदेवांना जे उशिरा उमगले, ते कोणत्याही वयात उमगू शकते. वय झाले म्हणून शिक्षण संपत नाही. शिकविणारा वयाने लहान असला म्हणून त्याचे ज्ञान लहान होत नाही. आपल्याला काही येत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट तेथूनच शिकण्यास आरंभ होतो. चांगदेवांनी पाठविलेला कागद कोरा होता, म्हणूनच त्यांना पासष्ट ओव्यांचे उत्तर मिळाले.

शब्दार्थ

सर्वतोमुखी होणे – सर्वांच्या तोंडी असणे
सिद्धी – साधनेने मिळालेले असामान्य सामर्थ्य
ब्रह्मरंध्र – योगशास्त्रानुसार मस्तकाच्या शिखरावरील सूक्ष्म द्वार
मायना – पत्राच्या आरंभीचे आदरार्थी किंवा प्रेमदर्शक संबोधन
वाळीत टाकणे – समाजातून बहिष्कृत करणे
अद्वैत – दुसरे काही नाही, सर्व एकच आहे, असे मानणारा विचार
अभिनिवेश – आग्रह, आवेश
ताटी – झोपडीचे कुडाचे दार
संजीवन समाधी – जिवंतपणी स्वेच्छेने घेतलेली समाधी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चांगदेवांना चांगा वटेश्वर असे का म्हणत?
(आ) चांगदेव पासष्टीत किती ओव्या आहेत?
(इ) चांगदेवांची समाधी कोठे आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पत्राचा मायना लिहिताना चांगदेवांपुढे कोणता पेच उभा राहिला?
(आ) कोरे पत्र पाहून मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथ यांना काय वाटले? दोघांच्या दृष्टीतील फरक सांगा.
(इ) वाघ चालविणे आणि भिंत चालविणे यांतील भेदातून कथा काय सुचविते?

३. सविस्तर उत्तर लिहा.
चांगदेव ही एक व्यक्ती होती की एक परंपरा होती, याविषयी पाठात आलेली माहिती देऊन तुमचे मत मांडा.

४. स्वतः करून पाहा.
तुम्हाला काही शिकविणाऱ्या, परंतु वयाने तुमच्याहून लहान असलेल्या व्यक्तीला एक पत्र लिहा. मायना कोणता लिहाल, याचा विचार आधी करा.